प्रोग्रामर किती वर्षांत तयार होतो?



ऊस किती दिवसांत तयार होतो, असे कोपरगाव तालुक्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. आकडा सांगण्याआधी तो उलट विचारील, लागण कोणती? आडसाली असेल तर सोळा ते अठरा महिने, पूर्वहंगामी असेल तर चौदा-पंधरा, सुरू असेल तर बारा, खोडवा असेल तर अकरा-बारा. मग तो जात विचारील, जमीन विचारील, पाटाच्या किती पाळ्या मिळाल्या ते विचारील. एवढे सगळे धरूनही तोडणीच्या तोंडावर फडातल्या उसाचा रस काढून ब्रिक्स, म्हणजे त्यातल्या गोडीचे माप, पाहिला जातो, तेव्हा कुठे तो ऊस तयार आहे की कच्चा आहे हे ठरते. महिन्यांवरून अंदाज बांधायचा आणि रसावरून निर्णय करायचा, ही इथली रोजची रीत आहे. मात्र त्याच घरातला मुलगा किंवा मुलगी प्रोग्रामर व्हायची म्हटली, की आपण सगळेच फक्त महिने विचारतो. सहा महिन्यांचा क्लास, चार वर्षांची डिग्री, दोन वर्षांचा अनुभव. रस कोणी पाहत नाही. आज मला बोलायचे आहे ते या रसाबद्दल, आणि त्यावरून वर्षांचा हिशेब कसा मांडावा याबद्दल.

हा विषय पुण्यात मांडण्यापेक्षा कोपरगावात मांडणे मला जास्त गरजेचे वाटते. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि त्याच वर्षी शंकरराव कोल्हे यांच्या पुढाकाराने इथे संजीवनी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. साखर कारखानदारीच्या आधाराने उभ्या राहिलेल्या शिक्षणसंस्थांनी या तालुक्यातल्या मुलांना इंजिनिअर होण्यासाठी पुण्या-मुंबईला जाण्याची सक्ती उरू दिली नाही. हे काम मोठे आहे आणि त्याचे मोल मी कमी करणार नाही. पण डिग्री हातात पडल्यावर यातली कित्येक मुले पुण्याची गाडी धरतात, कॉट बेसिसवर खोली घेतात आणि ‘सहा महिन्यांत फुल स्टॅक, प्लेसमेंटची हमी’ असा फलक लावलेल्या क्लासची फी भरतात. ती फी बहुधा उसाच्या बिलातून किंवा दुधाच्या पगारातून आलेली असते. म्हणून किती वेळ लागतो या प्रश्नाचे खरे उत्तर त्या घरांना मिळाले पाहिजे.

उत्तर देण्याआधी व्यावसायिक दर्जाचा प्रोग्रामर कोणाला म्हणायचे ते ठरवू. त्यासाठी आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ, उसाच्या बिलाचे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सांगितले की वजन, दर आणि कपाती घेऊन बिल काढणारा प्रोग्राम लिही, तर तो दहा-बारा ओळींत लिहील आणि तो चालेल. वजन गुणिले दर, वजा कपात. आता हाच प्रोग्राम जरा जवळून पाहू. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, ठरवली होती, आणि साडेनऊ टक्के किंवा त्याहून कमी उतारा असलेल्या कारखान्यांसाठी ३१५ रुपये १० पैसे, म्हणजे टनाला ३,१५१ रुपये. समजा एका खेपेचे निव्वळ वजन भरले १७.२८५ टन. गुणाकार करा, ५४,४६५ रुपये आणि साडेतीन पैसे येतात. हा अर्धा पैसा वर घ्यायचा की सोडायचा, हे हिशेबनिसाने पूर्वीच ठरवलेले असते. पण संगणक असे अपूर्णांक सहसा दोनाच्या घातांच्या हिशेबाने साठवतो आणि हा आकडा त्या पद्धतीत नेमका बसत नाही. तो केसभर कमी किंवा केसभर जास्त असा साठतो. मग साडेतीनाचे कधी तीन होतात, कधी चार. एका खेपेत एका पैशाचा फरक, हंगामात हजारो खेपा, आणि शेवटी बिलांची बेरीज खतावणीशी जुळत नाही. अनुभवी माणूस वजन किलोत आणि रक्कम पैशाच्या दशांशात, अशा पूर्ण संख्यांनीच हिशेब ठेवतो आणि अर्ध्या पैशाचा नियम स्वतः लिहितो, संगणकाच्या मर्जीवर सोडत नाही.

हा झाला आकड्यांचा भाग. माणसांचा भाग याहून अवघड असतो. काट्यावर वीज गेली आणि तीच स्लिप दोनदा नोंदली गेली, तर काय? एकाच गावात एकाच नावाचे दोन सभासद असतील, तर? सभासद मयत आहे आणि वारसनोंद व्हायची आहे, ते बिल कोणाच्या नावे थांबवायचे? सोसायटीच्या कर्जाची वसुली आधी की तोडणी-वाहतूक आधी? पंधरवड्याचे बिल निघाल्यावर दर सुधारला, तर फरकाचे बिल जुन्या नोंदी न बिघडवता कसे काढायचे? ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने घातले आहे. मग हे चौदा दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे, काट्याच्या की नोंदीच्या? विद्यार्थ्याच्या दहा ओळींत यातले काहीच नव्हते, आणि ते त्याला कोणी विचारलेही नव्हते. ज्याला हे प्रश्न प्रोग्राम लिहिण्याआधी सुचतात, ज्याच्या कामावर दुसऱ्याचे पैसे सोपवता येतात आणि ज्याच्या मागे रोज कोणाला उभे राहावे लागत नाही, त्याला मी व्यावसायिक दर्जाचा प्रोग्रामर म्हणतो. किती भाषा येतात, कोणते सर्टिफिकेट आहे, हे त्यानंतरचे प्रश्न.

अशा माणसाला तयार व्हायला किती वेळ लागतो, याचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर दहा वर्षे असे आहे. हर्बर्ट सायमन आणि विल्यम चेस यांनी १९७३ मध्ये बुद्धिबळाच्या अभ्यासातून मांडले, की सुमारे दहा वर्षे खेळात मुरल्याशिवाय कोणी ग्रँडमास्टर झालेला दिसत नाही. १९९३ मध्ये अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास केला. सर्वोत्तम गटातल्या मुलांचा एकट्याने केलेला रियाज वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत सरासरी दहा हजार तासांच्या वर गेला होता. माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८ च्या पुस्तकाने हा आकडा घरोघर पोहोचवला. त्याच्या कितीतरी आधी संगणकशास्त्रज्ञ पीटर नॉर्विग यांनी ‘दहा वर्षांत प्रोग्रामिंग शिका’ अशा आशयाचे शीर्षक देऊन एक निबंध लिहिला होता. चोवीस तासांत किंवा एकवीस दिवसांत प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या पुस्तकांना ते उत्तर होते. नॉर्विग यांचा रोख मला मान्य आहे. पण दहा हजार हा आकडा ज्या अभ्यासातून आला, त्यातला महत्त्वाचा भाग वाटेत गळला. तो आकडा सरासरी होता. कोणाचे तास त्याहून कमी होते, कोणाचे जास्त. ती मुले वीस वर्षांची होती, शिकणारीच होती, जगद्विख्यात झालेली नव्हती. आणि मोजलेले तास नुसत्या वाजवण्याचे नव्हते, चूक हेरून ती सुधारण्यासाठी केलेल्या रियाजाचे होते. एरिक्सन यांनी पुढे याबद्दल स्वतःच तक्रार केली, की लोकांनी तास उचलले आणि रियाज सोडून दिला.

नुसत्या वर्षांनी काम भागत नाही, याचा पुरावाही जुनाच आहे. १९६८ मध्ये सॅकमन, एरिक्सन आणि ग्रँट यांनी अनुभवी प्रोग्रामरांच्या एका छोट्या गटाला सारखीच कामे दिली. (हे एरिक्सन वेगळे.) या लोकांचा अनुभव सरासरी सात वर्षांचा होता. चुका शोधायला लागलेल्या वेळात सर्वांत वेगवान आणि सर्वांत संथ यांच्यात वीस पटींहून जास्त फरक निघाला. त्या आकड्यांवर नंतर रास्त आक्षेप घेतले गेले, कारण सगळ्यांनी एकाच भाषेत काम केले नव्हते आणि खरा फरक त्याहून बराच कमी असावा. पण त्याच माहितीत एक गोष्ट अशी होती जी फ्रेड ब्रुक्स यांनी आपल्या १९७५ च्या पुस्तकात नोंदवली, ती म्हणजे अनुभवाची वर्षे आणि कामाचा दर्जा यांचा त्या गटात मेळ दिसला नाही. ब्रुक्स यांनाही हे सर्वत्र लागू असेल असे वाटले नाही, मलाही वाटत नाही. तरी त्यातली खूण आपल्या ओळखीची आहे. पहिल्या वर्षी शिकलेले तेच काम पुढे नऊ वर्षे केले तर तो खोडवा झाला. त्याच बुडख्यावर पुन्हा फुटवा, पुन्हा फुटवा, आणि दर वर्षी उतारा थोडा खाली. बायोडेटात मात्र दहा वर्षांचा अनुभव लिहिला जातो.

मग वर्षांच्या पोटात नेमके काय असायला हवे? याचे उत्तर मला दोन ठिकाणी दिसते. पहिले ठिकाण स्मरणशक्तीचे प्रयोग. चेस आणि सायमन यांनी खऱ्या डावातली मांडणी काही सेकंद दाखवून ती पुन्हा मांडायला सांगितली, तेव्हा निष्णात खेळाडू नवख्यांच्या फार पुढे गेले. पण सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या, तेव्हा तो फरक जवळजवळ नाहीसा झाला. बेन श्नायडरमन यांनी १९७६ मध्ये हाच प्रयोग फोर्ट्रानच्या प्रोग्रामवर केला. ओळी क्रमाने असतील तर अनुभवी माणसाला प्रोग्राम चांगला आठवे, ओळी उलटसुलट केल्या की त्याची आघाडी फारशी उरत नसे. म्हणजे निष्णात माणसाचे डोके मोठे नसते, त्याच्या डोक्यात अर्थाचे साचे जमलेले असतात. जाणता शेतकरी लांबून फड पाहतो आणि पाणी तुटले की खत कमी पडले हे सांगतो, तसेच हे. हे साचे व्याख्यानाने बसत नाहीत. खूप प्रोग्राम वाचून, लिहून आणि मोडून ते बसतात.

दुसरे ठिकाण आपल्या मुंबईतले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा भारतात घडवलेला संगणक सुरू झाला आणि १९६४ मध्ये तिथे सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले. त्या काळी प्रोग्राम छिद्रपत्रांवर पाडून द्यायचा आणि निकालाची वाट पाहायची, अशी रीत होती. एक स्वल्पविराम चुकला तर दिवस वाया. म्हणून पत्रे देण्याआधी लोक कागदावर प्रोग्राम स्वतः चालवून पाहत, प्रत्येक ओळीनंतर कोणत्या खान्यात काय असेल ते लिहीत. त्यांना दिवसाला एखादीच संधी मिळे, पण त्या संधीआधी त्यांनी उत्तराचा अंदाज बांधलेला असे. निकाल हाती आला की आपला अंदाज कुठे चुकला ते कळे. आज मुलाला दिवसात शंभर वेळा प्रोग्राम चालवता येतो. तो चालवतो, लाल ओळ दिसली की काहीतरी बदलतो, पुन्हा चालवतो, आणि कधीतरी तो चालतो. का चालला, हे त्याला ठाऊक नसते. शंभर फेऱ्या झाल्या, शिकणे एकाच फेरीचे झाले, किंवा तेवढेही नाही. माझे सगळे म्हणणे इथे येऊन ठरते. प्रोग्रामर तयार होण्याचा काळ वर्षांत मोजू नये. अंदाज बांधून केलेले किती काम दुसऱ्याच्या हातात जाऊन चुकांसह परत आले आणि किती वेळा दुरुस्त झाले, यात मोजावा.

कोपरगाव बेटातल्या शुक्राचार्यांच्या मंदिरामुळे कचाची कथा या गावात कोणाला नव्याने सांगायला नको. कच हजार वर्षांचे व्रत घेऊन गुरू शुक्राचार्यांकडे राहिला, गाई राखल्या, पडेल ते काम केले. पण मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या त्याला मिळाली ती दैत्यांनी त्याला तिसऱ्यांदा मारले तेव्हा. राख मद्यात कालवून गुरूलाच पाजलेली, शिष्य गुरूच्या पोटात, आणि तिथे त्याला मंत्र मिळाला. मंत्राचा पहिला प्रयोग करायचा होता मेलेल्या गुरूवर. चूक झाली असती तर गुरू परत आला नसता. हजार वर्षे लागली हे खरे, पण ती विद्या खरी ठरली ती दुसऱ्याचे सर्वस्व पणाला लागले तेव्हा. गाई राखण्याची वर्षे आणि तो एक प्रसंग, दोन्ही लागले.

आता आपल्या शिक्षणाचा हिशेब या मापाने करू. संगणक शाखेच्या विद्यार्थ्याला एका सत्रात आठवड्याला दोन-दोन तासांची दोन प्रॅक्टिकल प्रोग्रामिंगची आहेत असे धरा, सत्रात बारा आठवडे धरा, अशी सहा सत्रे धरा. गुणाकार २८८ तासांचा येतो. चार वर्षांच्या डिग्रीत संगणकासमोर बसून प्रोग्राम लिहिण्याचे वर्गातले तास तीनशेच्या आसपास. आणि त्या तासांत काय होते? मॅन्युअलमध्ये दिलेला प्रयोग असतो, त्याचे उत्तर आधीच्या वर्षीच्या जर्नलमध्ये असते. मुलगी तो प्रोग्राम पेनने जर्नलमध्ये उतरवते, खाली आउटपुटही हातानेच लिहिते, सबमिशनच्या आठवड्यात सह्या होतात, एक्सटर्नल येऊन तोंडी दोन प्रश्न विचारतात. या सगळ्यात एकदाही कोणी तो प्रोग्राम वापरलेला नसतो. काम गेले, सही होऊन आले, पण चुकीची खूण घेऊन परत आले नाही. यात शिक्षकांचा दोष मी कमी मानतो. साठ-सत्तर मुलांच्या वर्गाचे प्रोग्राम ओळीओळीने वाचायला दिवस पुरत नाही. सी-डॅकचा सहा महिन्यांचा पदव्युत्तर डिप्लोमा, ज्याच्यासाठी महाराष्ट्रातली कितीतरी मुले सी-कॅट देतात, नऊशे तासांचा आहे. म्हणजे चोवीस आठवड्यांत डिग्रीच्या प्रयोगशाळेच्या तिप्पट वेळ, जरी त्यात व्याख्यानेही आली तरी. तो करून बाहेर पडलेली मुले वेगळी दिसतात यात नवल नाही.

हे फक्त आपल्या ग्रामीण कॉलेजांचे दुखणे आहे, असा समज मात्र करून घेऊ नका. २००१ मध्ये मायकेल मॅकक्रॅकन आणि त्यांच्या गटाने वेगवेगळ्या देशांतल्या चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना, प्रोग्रामिंगचे पहिले अभ्यासक्रम झाल्यावर, साध्या गणकयंत्रासारखा प्रोग्राम लिहायला दिला. ११० पैकी सरासरी गुण २३ च्याही खाली आले. शिकवणाऱ्यांना स्वतःलाच धक्का बसला होता. भारतात २०१७ मध्ये अ‍ॅस्पायरिंग माइंड्स या कंपनीने पाचशेहून जास्त कॉलेजांतल्या ३६ हजारांवर मुलांची चाचणी घेतली, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश मुलांना कंपाइल होईल असा प्रोग्रामही लिहिता आला नाही. चाचण्या विकणाऱ्या कंपनीचा अहवाल म्हणून तो सावधपणे वाचावा. पण दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर एक गोष्ट दिसते, की वर्गात अभ्यासक्रम पूर्ण होणे आणि प्रोग्राम लिहिता येणे या दोन गोष्टी जगात कुठेच आपोआप जोडल्या जात नाहीत.

तर माझा हिशेब असा, आणि तो माझा अंदाज आहे. रोज दोन तास, खंड न पडता, दोन वर्षे. ते १,४६० तास होतात. त्यातले निम्मे तरी काम दुसऱ्या कोणी वापरलेले किंवा वाचलेले असेल, तर माणूस पहिल्या नोकरीला लायक होतो. त्यानंतर नोकरीत तीन ते चार वर्षे, जिथे त्याने लिहिलेली प्रत्येक ओळ कोणीतरी जाणता वाचून परत पाठवतो. तेव्हा तो, मघाशी सांगितले तसा, एकट्यावर काम सोपवण्याजोगा होतो. म्हणजे सुरुवातीपासून पाच-सहा वर्षे. आणि नवी यंत्रणा मुळापासून आखणारा, दुसऱ्यांना घडवणारा माणूस व्हायला दहा. यातला पहिला टप्पा डिग्रीच्या चार वर्षांतच बसू शकतो. बहुतेकांचा तो बसत नाही, कारण ते तास अभ्यासक्रमात कुठेच लिहिलेले नाहीत.

यावर पहिला आक्षेप येईल, की सहा महिन्यांचा क्लास करून मुलांना नोकरी लागते, हे तर डोळ्यांसमोर आहे. लागते, मान्य. पण मोठ्या कंपन्या फ्रेशरला घेतात तेव्हा तयार माणूस म्हणून घेत नाहीत. इन्फोसिसने मैसूरला आणि टीसीएसने तिरुअनंतपुरमला प्रशिक्षणाची प्रचंड केंद्रे उभी केली ती याचसाठी, की घेतलेल्या मुलाला पुन्हा काही महिने शिकवावेच लागते. क्लास दारापर्यंत नेतो. आणि ज्या वर्षी कंपन्यांची भरती मंदावते, त्या वर्षी सर्वांत आधी दाराबाहेर राहतो तो दारापर्यंतच आलेला मुलगा.

दुसरा आक्षेप अंगच्या बुद्धीचा. काही मुलांना हे उपजतच येते, काहींना कितीही केले तरी नाही, असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या हातात पुरावाही आहे. ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. माणसामाणसांतल्या कामगिरीच्या फरकाचा बुद्धिबळासारख्या बैठ्या खेळांत २६ टक्के आणि संगीतात २१ टक्के भाग रियाजाने उलगडतो, पण व्यवसायांत एक टक्काही नाही. हा आकडा मी टाळणार नाही. फक्त तो काय सांगतो ते नीट पाहू. बुद्धिबळात किंवा व्हायोलिनमध्ये रियाज कशाला म्हणायचे हे पिढ्यानपिढ्या ठरलेले आहे. नोकरीत रियाज म्हणून मोजले जातात ते बहुधा कामाचे नुसते तास. खोडव्याची वर्षे मोजली तर त्यांचा उताऱ्याशी संबंध दिसणारच नाही. शिवाय फरकाचा हिशेब म्हणजे लायकीचा उंबरठा नव्हे. सगळेच नॉर्विग होणार नाहीत. पण बिल एका पैशानेही चुकू नये एवढा दर्जा गाठणे हा प्रतिभेचा प्रश्न मला वाटत नाही.

तिसरा आक्षेप आजचा आहे आणि तो जोरात आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅट-जीपीटी आले. आता मराठीत सांगितले तरी संगणक प्रोग्राम लिहून देतो. मग वर्षे कशाला घालवायची? मी हे साधन कमी लेखत नाही. आपण पाहिलेला दहा ओळींचा बिलाचा प्रोग्राम ते क्षणात देईल. कदाचित अर्ध्या पैशाची अडचणही सांगेल, जर विचारले तर. वारसनोंदीचा आणि दोनदा आलेल्या स्लिपचा प्रश्न विचारायला मात्र तो प्रश्न कोणाला तरी सुचावा लागतो, आणि आलेले उत्तर खरे की खोटे हे वाचून ठरवता यावे लागते. २०२५ मध्ये मेटर या संस्थेने सोळा अनुभवी प्रोग्रामरांना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतली २४६ कामे दिली. अशा साधनांची मुभा असलेली कामे सरासरी १९ टक्के जास्त वेळ घेऊन पूर्ण झाली, आणि त्याच लोकांना काम संपल्यावरही वाटत होते की आपण वीस टक्के लवकर उरकले. साधने रोज सुधारत आहेत. पुढे हा आकडा उलटेल, कदाचित उलटला असेल. मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. जाणत्या माणसाचाही स्वतःचा वेग आणि स्वतःची समज यांबद्दलचा अंदाज चुकतो, तर शिकणाऱ्याचे काय? जर्नल उतरवण्याची जुनी सवय या साधनाने संपणार नाही, ती अधिक सोपी होईल. शिकताना त्याचा उपयोग करायचाच तर स्वतः लिहून झाल्यावर चुका दाखवून घेण्यासाठी करावा. तिथे ते रात्री अकराला जागा असलेला शिक्षक आहे, आणि साठ-सत्तरांच्या वर्गात असा शिक्षक मिळणे ही लहान गोष्ट नाही.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. सहा वर्षे थांबायला घरात पैसा आहे का? दोन एकर जिरायत असलेल्या घराला हा हिशेब ऐकवणे क्रूर आहे, असे कोणी म्हणाले तर मी त्याला चूक म्हणणार नाही. पण मी सांगितलेली वर्षे फी भरण्याची नाहीत. पहिली दोन डिग्रीच्या आतली, पुढची पगाराची. खर्च आहे तो रोजच्या दोन तासांचा आणि एका जुन्या संगणकाचा. आणि जी गोष्ट सर्वांत महाग मानली जाते, खरे वापरणारे लोक, ती या तालुक्यात पैशाविना मिळते. गावागावात दूध संकलन केंद्रे आहेत. रोज दोन वेळा फॅट आणि एसएनएफ लागते, दहा दिवसांनी पगार निघतो. पतसंस्था आहेत, महिला बचत गट आहेत, पाणीवापर संस्थांची पाळीपत्रके आहेत. मोठ्या संस्थांकडे तयार सॉफ्टवेअर असते; लहानांकडे अजून वही असते, आणि ती वही सांभाळणारे माणूस चुका पकडण्यात कोणत्याही तपासनिसाइतके तयार असते.

कॉलेजांनी यासाठी नवा अभ्यासक्रम मंजूर करून आणण्याची गरज नाही. दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक दोन मुलांना गावातली एक वही द्यावी. वही बंद करायची नाही. वर्षभर वही आणि प्रोग्राम शेजारी चालवायचे आणि दोन्हींची बेरीज जुळते का ते दर दहा दिवसांनी पाहायचे. जर्नलमध्ये प्रोग्राम उतरवण्याऐवजी न जुळलेली प्रत्येक बेरीज लिहायची, ती का जुळली नाही याचा आपला अंदाज लिहायचा, आणि खरे कारण सापडल्यावर ते शेजारी लिहायचे. सही त्या पानांवर व्हावी.

पहिल्या दहा दिवसांत काय होईल ते सांगता येते. मुलगी छापलेला पगाराचा कागद घेऊन केंद्रावर जाईल. वही लिहिणाऱ्या काकू चष्मा लावून बोट फिरवत खाली येतील, एका नावाशी थांबतील आणि म्हणतील, ‘अगं, यांची म्हैस मंगळवारी आटली, संध्याकाळचं दूध नव्हतंच. तू शून्य फॅट धरून सरासरी काढलीस, म्हणून भाव पडला.’ दूध आलेच नाही आणि दूध आले पण फॅट शून्य लागले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रोग्राममध्ये त्या वेगळ्याच ठेवाव्या लागतात, हे तिला तोवर कोणत्याही पुस्तकातून असे कळलेले नसेल. ती कागदावर त्या नावाभोवती गोल करील, आणि घरी जाऊन ती ओळ उघडील.